कर वाचला, टळला की पुढं गेला?

कृष्णाकाठ (सांगली): कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या वार्षिक अहवालाचं मराठी करतोय. एक कोटीचं मशीन एप्रिलमध्ये बसवलं. प्राप्तिकरासाठी १५ टक्क्यांनी १५ लाख घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी नफ्यातून वजा होणारी रक्कम; कंपनीच्या पुस्तकात मात्र शेवटची पाच टक्के किंमत सोडून बाकीची १५ वर्षांत सारखी वाटून साधारण सव्वासहा लाख. फरकावर २५.१७ टक्के करदरानं दोन लाखांहून जास्त कर यंदा भरावा लागला नाही. मी लिहिलं, ‘करनियोजनातून दोन लाख वाचले.’ वडील जन्मभर हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. म्हणाले, ‘वाचले कुठं? घसारा उरलेल्या किमतीवर धरतात, तो दरसाल आटत जाणार, तेव्हा ते द्यायचेच आहेत.’ पटलं. मग अशा डिफर्ड टॅक्सला मराठीत म्हणायचं काय?

अजिंक्यतारा: स्थगित कर. विद्यार्थ्यांना मी हाच शब्द देतो.

कोयनाकाठ (कराड): स्थगित म्हणजे थांबवलेला, उद्या उठेल किंवा कायमचा राहील. हा कर ठरल्या वाटेनं येणारच आहे. आणि वडिलांचं म्हणणं अहवालात ठळक यायला हवं. नफातोटा पत्रकात यंदाचा कर आणि पुढं गेलेला कर दोन्ही वजा होतात, म्हणून निव्वळ नफा वाढलेला दिसत नाही. फायदा रोकडीत असतो. ते दोन लाख हातात खेळतात, बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, तेवढं कमी उचलावं लागतं, व्याज वाचतं. हेच मशीन जानेवारीत चालू केलं असतं, तर मार्चअखेर १८० दिवस भरले नसते आणि घसारा निम्माच मिळाला असता. म्हणून मी अशिलांना मशीन कधी चालू करणार, हे आधी विचारतो.

मिरजकर: ‘कर चुकवला’ का नको? आमच्या आजोबांच्या वहीत ‘सोसायटीचं देणं चुकवलं’ असं आहे, फेडलं या अर्थानं.

अजिंक्यतारा: ती हिंदीची सावली. मराठीत देणं चुकतं करतात, चुकवतात ते बुडवायला.

मिरजकर: आजोबा मिरजेबाहेर राहिले नाहीत, त्यांच्यावर हिंदीची सावली कुठून पडणार? चुकता आणि चुकवणे एकाच मुळाचे असावेत. वहीत आहे ते चूक कसं म्हणू?

अजिंक्यतारा: शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो शब्द निवडून घ्यायलाच. वहीत सापडलं म्हणून सगळं घ्यायचं नसतं.

वाळवा तालुका: मी ऊसवाला. शब्द निवडण्यात काय जातं ते आम्ही पाहिलंय. सहकारी साखर कारखान्यांनी उसाला ठरल्या दरापेक्षा जास्त दिलं, तर आयकर खात्यानं त्याला खर्च न म्हणता सभासदांना नफावाटप म्हटलं आणि कर मागितला. दावे वर्षानुवर्षं चालले. करनिर्धारण वर्ष २०१६-१७ च्या आधीची ती रक्कम खर्च धरायची मुभा २०२३ च्या अर्थसंकल्पात मिळाली. एकूण दिलासा जवळपास १०,००० कोटींचा सांगितला होता.

कोयनाकाठ: हा घसाऱ्यासारखा पुढं गेलेला कर नव्हे, मुळातला वाद. डोक्यावर असा दावा असलेल्या कारखान्याचा ताळेबंद बँक वेगळ्या नजरेनं वाचते.

कृष्णाकाठ: ‘पुढं गेलेला कर’ तुम्ही दोनदा लिहिलंत. तोच घेऊ का?

अजिंक्यतारा: बोलण्यात चालेल, अहवालात नको. आणि वर ‘आयकर खातं’ लिहिलंय, ते प्राप्तिकर हवं.

वाळवा तालुका: नोटिशीवर आयकरच होतं. पण मला सांगा, दिवाळीच्या तोंडावर मिळायचा त्या जादा पैशाला आम्ही ‘दुसरा हप्ता’ म्हणत आलो. हप्ता म्हटल्यावर तो दरातच आला ना? नफ्याचा हप्ता असतो का कुठं?

मिरजकर: हप्ता मुळात सात दिवसांचा. तो पैशाला कधी चिकटला?