सोसायटीच्या भिंतीवर वारली चित्रं: आगगाडी चालेल का? आणि चौक?

पोखरण_रोडवाला

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी उपवनच्या अलीकडे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. रस्त्याकडच्या कंपाउंड भिंतीला यंदा रंग द्यायचा आहे आणि जनरल बॉडीत वारली चित्रं काढायचं ठरलं. इथपर्यंत सगळे एकमताने. पुढे गाडी अडली.

ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर डिझाइन पाठवलंय. मधोमध तारपा नाच (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य), बाजूला बैलगाडी, ताडाची झाडं, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. गेटच्या दोन्ही अंगांना "शुभ असतो" म्हणून एकेक लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नात भिंतीवर काढतात ती चौकोनी नक्षी. सगळं स्टेन्सिलने, चार दिवसांत काम पूर्ण.

आमच्या एका मेंबरचं म्हणणं, ठाण्याची सोसायटी आहे तर १८५३ ची आगगाडी हवीच. त्यावर बी विंगमधले एक काका उखडले. वारली कला इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांची, तिच्यात इंग्रजांचं इंजिन कशाला घुसवता, म्हणाले. दोघेही हट्टाला पेटलेत आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे दोघांचे फोन मलाच येतात.

तर जाणकारांनी सांगावं: आगगाडी दाखवली तर कलेचा अपमान होतो का? आणि गेटवरच्या चौकाचं काय? त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही, पण मलाच जरा खटकतंय. का, ते सांगता येत नाही.

नौपाडा_निवासी

इसवी सनापूर्वी अडीच हजार! काकांनी त्या काळची कुडाची भिंत पाहिली असेल तर फोटो टाका. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप, ठाणे जिल्ह्याचा पाऊस. भिंत दरवर्षी सारवायची म्हटल्यावर त्यावरचं चित्र किती टिकणार? मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांतल्या प्राचीन चित्रांशी साम्य दिसतं म्हणून कोणीतरी आकडा ठोकला आणि तो साडीच्या दुकानापासून सरकारी फलकापर्यंत सगळीकडे फिरतोय. परंपरा जुनी असेल, नव्हे आहेच. पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. बाकी जाणकार बोलतील.

खडूफळा

सेक्रेटरीसाहेब, मी चित्रकलेचा मास्तर, आता निवृत्त. नोकरीची पहिली वर्षं डहाणू तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत काढली, ठाण्यात बदली नंतर झाली. तेव्हा डहाणू आपल्याच जिल्ह्यात होतं. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्यामुळे वारली चित्रांना "आपल्या ठाण्याची कला" म्हणणारी आमची पिढी आहे, तुमचे बी विंगवाले काकाही बहुधा त्यातलेच.

आधी चौकाचं, कारण तुम्हाला खटकलंय ते बरोबर खटकलंय. तो चौक मी निघताना पाहिलाय. लग्नघरात आतल्या भिंतीला गेरू दिलेला. तांदूळ भिजवून वाटलेले, ते पीठ पाण्यात कालवून वाटीत. बांबूची काडी, तिचं टोक चावून चावून कुंच्यासारखं केलेलं. काढणाऱ्या सवाष्णी, म्हणजे नवरा हयात असलेल्या बाया. पुरुषाने त्यात हात घालायचा नाही. चौकोनाच्या कडेला साखळ्यांची नक्षी एकात एक चढत जाते, आणि ती बाई गप्पा मारत, मध्येच पोराला हाका मारत, पट्टी न लावता दोन फुटांची रेघ अशी ओढते की मी हातातली फूटपट्टी पिशवीत ठेवून दिली. आत पालघट देवी. शेजारच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या देव. त्याला डोकं नाही, मानेतून पाच कोंब फुटलेले. धवलेरी गाणी म्हणते, लग्न लावते तीच. भटजी नाही. भगताच्या अंगात वारं येतं, देवांना हाका जातात. चौक म्हणजे त्या घरात त्या दिवसापुरतं देवीला दिलेलं आसन. लग्नाच्या घराबाहेर चौक काढायला त्या बायांना कारणच नसतं.

तुमच्या गेटला एका बाजूला ओल्या कचऱ्याचे डबे असणार आणि दुसऱ्या बाजूला स्विगीवाल्यांच्या गाड्या. तिथे पालघट बसवू नका. शोभा म्हणूनही नको. गेटवर शुभ हवं असेल तर आपापल्या घरचं काय ते काढा, स्वस्तिक आहे, गणपती आहे, कोणाची हरकत नाही.

आता आगगाडी. भिंतीवर, घरात, लग्नापुरतं, बायांनी काढायचं हे एक काम. आणि कागदावर, कापडावर, विकण्यासाठी, पुरुषांनीही काढायचं हे दुसरं. दुसरं सुरू होऊन उणीपुरी पन्नास वर्षं झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हा चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी त्या भागात आला. त्याआधी त्याने बिहारमध्ये मधुबनीत, तिथल्या लोकचित्रांवर काम केलं होतं. त्याने वारल्यांच्या हातात कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी तो घेतला आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. म्हणजे काका ज्याला "अस्सल प्राचीन" म्हणतात ते तारप्याचं फिरतं चक्र कॅनव्हासवर जे दिसतं, त्याचं वय काकांपेक्षा कमी आहे.

आणि गाडी वारल्यांना परकी कशी? बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, हे तुमच्या मेंबरांना पाठ असेल. पण १८६४ पर्यंत बडोद्याकडची लाइनही मुंबईला भिडली होती, आणि ती पालघर, डहाणूवरूनच जाते. दीडशे वर्षांहून जास्त काळ ते लोक गाडी बघतायत. माझ्या वर्गात एकदा "आमचे गाव" विषय दिला होता. एका पोराने एस.टी. काढली. मागच्या शिडीला लटकलेली माणसं सगळी दोन त्रिकोणांची, टपावर कोंबड्यांची टोपली, आणि ड्रायव्हर गाडीपेक्षा मोठा. कारण गाडी सोडायची की नाही ते तोच ठरवतो! मी शिकवायला गेलो होतो एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या साच्यातली चित्रकला. तांब्यावर उजेड कुठून पडतो, सावली कुठे द्यायची. १८५७ मध्ये मुंबईत जे.जे. कलाशाळा सुरू झाली तेव्हापासून इंग्रजांनी जी नजर आणली तिचाच हा तालुक्याच्या पातळीवरचा अवतार. त्या पोराला ग्रेड परीक्षेत सी मिळाली. तांब्याला सावली नव्हती.

मला खटकते ती स्टेन्सिल. तुमच्या ठेकेदाराच्या डिझाइनमध्ये सगळी माणसं एका मापाची, एका कलाने झुकलेली, सगळी नाचणारी. जंगलातला निरागस, सुखी, नाचरा आदिवासी. हे चित्र कुठून आलं? बरंचसं साहेबाकडून. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात वारली "आदिम जमाती" अशा खणात टाकलेत आणि त्यांच्या दारूच्या आवडीचा उल्लेख आहे. त्याच सुमाराला, १८७८ मध्ये, जंगल कायदा आणि मुंबईचा अबकारी कायदा एकाच वर्षी आले. लाकूड सरकारचं झालं, ताडीच्या झाडावर कर बसला, आणि १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करण्यावरही बंदी आली. आधी माणसाची झाडं घ्यायची आणि मग त्याच्या पिण्याबद्दल वहीत लिहायचं!

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. मुंबईचे पाद्री जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीवर आहे, ते उत्तर कोकणात फिरले आणि वारल्यांना देवाधर्माबद्दल प्रश्न विचारत बसले. ते संभाषण १८४३ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. पाद्रीबुवा विचारतात, कोणाला भजता? वाघ्याला, म्हणजे वाघांच्या देवाला. तो दिसतो कसा? शेंदूर फासलेला दगड. देता काय त्याला? कोंबडी, बकरा, नारळ. मग विचारतात, त्याला कधी शिव्या देता का? तर वारली म्हणतो, देतो की! तुला कोंबडी दिली, बकरा दिला, तरी तू आम्हालाच मारतोस, आता आणखी काय पाहिजे? पाद्रीबुवांना या बाबतीत पुढे काय वाटलं असेल ते असो. मला मात्र त्या माणसाचा हिशेब पटतो. देवाशीही रोखठोक. स्टेन्सिलमध्ये हा माणूस दिसत नाही.

आणि ज्या लग्नाचा चौक तुम्ही गेटवर "शुभ" म्हणून काढणार, त्याचा दुसरा पैलूही ऐका. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. फिटत कधीच नसे. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात ही वेठ सरकारलाच लिहून दिली: बोलावलं की जायचं, नाही म्हटलं की मार, दिवसाची मजुरी जास्तीत जास्त एक आणा. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे उंबरगाव तालुक्यातले काही वारली आले, आणि मे महिन्यात झरीला हजारो जमले. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. लग्नगडी मोकळे झाले, वेठ मोडली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. टिटवाळा तुम्हाला गणपतीमुळे माहीत आहे. ठाण्याहून लोकलने तासाभराचंही अंतर नाही.

हे सगळं भिंतीवर काढा असं म्हणत नाही, सोसायटीच्या भिंतीला एवढं झेपणार नाही. म्हणणं एवढंच, की स्टेन्सिल फेका, वारली चित्रकार बोलवा, आणि काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. आगगाडी काढतील, मेट्रोचे खांब काढतील, कदाचित तुमच्या बी विंगवाल्या काकांनाही काढतील.

तलासरीकर

सर, तुमचा चौकाबद्दलचा परिच्छेद माझ्या आईला वाचून दाखवला. "मास्तर बरोबर सांगतात" असा शेरा मिळालाय. मी वारली. गाव तलासरी तालुक्यात, नोकरी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत, राहते घणसोलीला.

एक जोडते. सगळ्या वारल्यांना चित्र काढता येतं असं धरून चालू नका. ऑफिसमध्ये "एथनिक डे"ला दरवर्षी मलाच रांगोळीच्या जागी वारली काढायला सांगतात. मी जावा लिहिते हो, माझी माणसं बटाट्यासारखी येतात. आईला येतं, आत्याला उत्तम येतं, मला नाही.

दुसरं. आमच्या आत्याला मी एकदा विचारलं होतं, चौक विकायच्या कागदावर काढतात ते तुला चालतं का. ती म्हणाली, कागदावर देव बोलावलेला नसतो, मग काय अडचण? म्हणजे सरांइतकी ती कडक नाही. पण गेटवर, कचऱ्याच्या डब्याशेजारी म्हटल्यावर तीसुद्धा नकोच म्हणेल.

आणि तारप्याचं चित्र काढणार असाल तर वाजवणाऱ्याला मधोमध उभा करा, नाच त्याच्याभोवती फिरतो. हल्ली काही भिंतींवर तो कोपऱ्यात जाऊन बसलाय, जसा काही डीजे. वाद्य नीट दाखवा, वर भोपळा असतो, खाली बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा.

नौपाडा_निवासी

@तलासरीकर, डीजे! मानलं ताई. सेक्रेटरीसाहेब, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालंय. उद्या बिलावर "वारली पेंटिंग" लिहून स्टेन्सिल मारणाऱ्याला कोणी जाब विचारला तर उत्तर तयार ठेवा.

पोखरण_रोडवाला

सगळ्यांचे आभार. सरांचा प्रतिसाद प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावला, परवानगी गृहीत धरली आहे. चौक रद्द. त्यावर कोणी काही बोललं नाही. आगगाडीवरून मात्र काका अजून हटलेले नाहीत. आता त्यांचं म्हणणं, गाडी काढायचीच तर मग जंगल कायद्याचा फॉरेस्ट गार्डही काढा. बरोबरच आहे म्हणा.

दोन व्यावहारिक शंका. येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबं आहेत, तिथे आधी विचारावं की थेट डहाणूकडे? आणि आमचे खजिनदार म्हणतायत, सिमेंटच्या भिंतीवर गेरू आणि तांदळाचं पीठ एका पावसात जाईल.

खडूफळा

खजिनदार बरोबर बोलतात. बाहेरच्या भिंतीचं ॲक्रिलिक वापरा, खाली गेरूच्या रंगाचा हात, वर पांढरा. भिंतीला ओल आहे का ते आधी बघा, डोंगराकडून पाणी उतरत असेल तर प्लास्टर फुगून पोपडे येतील आणि दोष चित्रकाराच्या माथी जाईल. वार्निश मारू नका, पिवळं पडतं.

येऊरमध्ये जरूर विचारा, तुमचे शेजारीच आहेत ते. पण ताई म्हणतात ते लक्षात ठेवा. पाड्यावर जाऊन पहिल्या दिसलेल्या माणसाच्या हातात ब्रश देऊ नका. चांगला हात असलेलं कोण आहे, वेळ आहे का, हे विचारायचं आणि गप्प ऐकायचं. तिथे कोणी नसेल तर गंजाड आणि आसपासच्या गावांत अनेक घरं या कामावर चालतात. चार दिवसांची घाई करू नका. मोबदला चौरस फुटावर ठरवणार असाल तर येण्याजाण्याचं आणि जेवण-मुक्कामाचं वेगळं धरा, त्यात घासाघीस करू नका. आणि भिंतीच्या कोपऱ्यात त्यांची सही असू द्या. ठेकेदाराचा फोन नंबर असतो तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

तलासरीकर

जेवणात बटाटेवडे आणि पुलावच पाहिजे असं नाही. सुकट चालते. सोसायटीत चालते का ते मात्र आधी जनरल बॉडीला विचारून घ्या 😄