तारली-बांगडा कमी झालाय तो समुद्र तापल्यामुळे की पर्ससीनमुळे?

रापणकर:
नमस्कार मंडळी. आमचं घर मालवणात, काकांची रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं) आहे. काका सांगतात पूर्वी बांगड्याचे थवे किनाऱ्याला लागायचे, अख्खी वाडी दोर ओढायला यायची. आता हात सोलवटले तरी पाटीभर पेडवे नि बाकी जेलीफिश. काका सगळा दोष पर्ससीन (अख्ख्या थव्याला वेढा घालणारं मोठ्या बोटीचं जाळं) आणि एलईडीवाल्यांना (रात्री झगझगीत दिवे लावून मासा गोळा करणाऱ्यांना) देतात, पण पेपरात येतं की अरबी समुद्र तापतोय म्हणून मासळी घटली. एखाद डिग्रीने माशाला एवढा काय फरक पडतो? कोणी फिशरीजवालं असेल तर प्लीज सांगा.

फिशरीज_रत्नागिरी:
बराच पडतो. १९५१ ते २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं वरचं पाणी सरासरी १ डिग्रीने तापलं. आता गरम पाणी हलकं, ते वर थर धरून बसतं, मग खालचं थंड पोषक पाणी वर यायला अडतं आणि ते आलं नाही की प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) वाढत नाही, आणि तारली तर प्लवकावरच जगते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या टीमने २०१६ मध्ये मांडलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलंय. केरळात २०१२ ला तारली जवळपास ४ लाख टन मिळाली होती, २०२१ ला फक्त ३,२९७ टन! २०१५ च्या एल निनोचा (प्रशांत महासागराचं पाणी तापून सगळीकडचं हवामान बिघडतं तो) त्यात मोठा हात मानतात.

बांगड्याची गोष्ट वेगळी. हा वरच्या पाण्यात फिरणारा मासा, पण १९८५-८९ मध्ये एकूण बांगड्यातला २ टक्केच तळाच्या ट्रॉलला (बोटीमागे तळाशी ओढतात ते जाळं) लागायचा तो २००३-०७ मध्ये १५ टक्के झाला, म्हणजे तो थंडाव्यासाठी खाली उतरतोय असं शास्त्रज्ञ म्हणतात. मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं की खाली गेलेला बांगडा ट्रॉलरला सापडतो, रापणीला नाही. समुद्र तापला की पहिला मार किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्यालाच.

दर्यावाला:
भावा काकांचंही चूक नाही हां. तारली वर्षभरात अंड्यावर येते, चांगलं वर्ष मिळालं की झपाट्याने वाढते, पण अंडी घालायला मासा शिल्लक तर पाहिजे ना? बारीक तारली ट्रक भरभरून फिशमीलला (माशाची पूड करणाऱ्या कारखान्यांना) जाते, त्यात पाणी तापलेलं वर्ष आलं की साठा उठणार कसा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवली ते बरंच केलं पण लिलावात मोजपट्टी लावताना मी अजून कोणाला बघितलं नाही. शिवाय वादळं बघ, २०१९ ला ऐन हंगामात क्यार आणि लगेच महा, मग निसर्ग, मग तौक्ते, होड्या बंदरात आणि खलाशांचा पगार चालूच.

रापणकर:
म्हणजे दोन्ही एकत्र. मग काकांनी करायचं काय?

फिशरीज_रत्नागिरी:
रापणीसाठी सोपा उपाय माझ्याकडे नाही, खोटं कशाला सांगू. घरात फायबरची होडी असेल तर हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) पाण्याचं तापमान आणि प्लवक उपग्रहावरून बघून मासळी कुठे असू शकेल ते कळवतं, फुकट आहे, मराठीतही मिळतं. आणि पर्ससीनविरुद्ध काका भांडतायत ते थांबवू नका, पाणी थंड करणं आपल्या हातात नाही, बारीक मासा सोडणं आहे.