दिवाळीनंतर दोघांची तीन दिवसांची रोड ट्रिप, थोडं ऑफ-रोड पण पाहिजे. रूट सुचवा की!

रंकाळ्याची_सून

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आम्हा दोघांना तीन दिवस मोकळे मिळतायत, सासूबाई पोराला सांभाळायला स्वतःहून तयार झाल्यात, हा योग परत कधी येईल सांगता येत नाही त्यामुळं जायचं हे नक्की. आता अडचण ऐका. नवऱ्यानं यंदा सेकंडहँड जिम्नी घेतलीय, फोर बाय फोर वगैरे, आणि ती गाडी आजवर रंकाळा ते कळंबा एवढ्यातच फिरतीय. त्याला दगड, चिखल, ओढे पाहिजेत, रात्री झोपायच्या आधी पण तेच रील बघत बसतो. मला डोंगर पाहिजेत, गरम जेवण पाहिजे आणि मुक्कामाला स्वच्छ बाथरूम पाहिजे, एवढंच. शिवाय घाटात शेजारच्या सीटवर बसलं की त्याला मळमळतंय, आणि वळणं चालवायला मला आवडतात! त्यावरनं गाडी काढायच्या आधीच भांडण.

तर रूट असा सांगा की दोघांचं भागेल. मसाई पठारावर गाड्या पळवतात ते व्हिडिओ बघितलेत, तिथं चालतंय का? नाहीतर खाली मालवण-देवगडकडं उतरून बीचवर चालवावी का असं पण त्याच्या डोक्यात आहे. आणि एकच गाडी, दोघंच माणसं, हे कितपत बरोबर?

पाचवा_गिअर

जिम्नी घेऊन कळंबा?? पाप आहे हे ताई. सरळ गगनबावडा मारा, भुईबावडा घाट उतरा, करूळ चढा, संध्याकाळी घरात येऊन तांबडा-पांढरा. नाद खुळा विषय.

रंकाळ्याची_सून

दादा तीन दिवस आहेत हो, संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई परत पाठवतील.

भुदरगडचा_गडी

ताई आमच्या भागात या. मी गारगोटीकडचा म्हणून सांगत नाही, पण कोल्हापूर जिल्ह्यात खरंखुरं ऑफ-रोड आणि तेही कुणाच्या शेतातनं किंवा पठारावरनं गाडी न घालता करायचं असेल तर रांगणा किल्ल्याची वाट. कळंब्यावरनं बिद्री, मुदाळ तिट्टा करत गारगोटी, साधारण ५० किमी, रस्ता बरा आहे. तिथनं कडगाव, पाटगाव. पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे आणि धरणाचं पाणी दिवाळीनंतर काठोकाठ असतंय, तिथं वहिनी म्हणजे तुम्ही निवांत बसा, दादांना टायर बघत बसू दे. गाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातंय, मध इथंच घ्या, हायवेवर बाटलीत भरून विकतात तो नको.

पाटगावच्या पुढं भटवाडी, आणि भटवाडी सोडली की डांबर संपतं. तिथनं चिक्केवाडीपर्यंत जंगलातनं कच्ची वाट आहे, सुटे दगड, मुळं, मधी ओढा, काही ठिकाणी चाकोरी इतकी खोल की साधी कार पोटावर बसते. गावातल्या जीपा जातात त्याच वाटेनं जायचं. पावसानं दरवर्षी वाट बदलते त्यामुळं गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून जाऊ नका, आदल्या दिवशी पाटगावात थांबून विचारा की यंदा ओढ्याचा उतार कसा आहे, कुठली जीप वर गेलीय का. तिथल्या माणसानं मान हलवली तर गाडी भटवाडीत लावायची आणि चालत जायचं, लाज कसली त्यात.

गाडी लावल्यावर गड पायी आहे आणि खरी मजा तिथंच आहे. वर तळं, रांगणाई देवीचं देऊळ, आणि कोकणच्या अंगाला कड्यावर उभं राहिलं की खाली सगळा कुडाळचा मुलूख. शिवाजी महाराजांनी ह्याला प्रसिद्धगड म्हटलेलं. १७०८ ला साताऱ्याच्या शाहू महाराजांनी पन्हाळा घेतला तेव्हा ताराराणी ह्याच गडावर आल्या होत्या, आणि आपल्या कावळा नाक्यावर त्यांच्या पुतळ्याखालनं रोज जाणाऱ्यांना हा गड कुठल्या तालुक्यात आहे ते पण माहीत नसतंय. असो.

दुपारी उशिरा परत फिरायचंच. जंगलात अंधार लवकर पडतो, रेंज नसते, मॅप घरनंच डाउनलोड करून घ्या. मुक्काम गारगोटीत करा, साधी लॉज आहेत, बाथरूम आधी बघून मगच पैसे द्या.

सडा_आणि_फुलं

मसाई पठाराचं विचारलंय त्यावर बोलतो, जरा कडू लागेल. नका नेऊ गाडी. पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय हा एक भाग, पण कागदावर काहीच नसतं तरी हेच सांगितलं असतं. ते जांभ्याचं पठार आहे, दगडावर मातीचा थर वीतभर पण नाही. सप्टेंबरात जी फुलं येतात, सीतेची आसवं म्हणा, दवबिंदू म्हणा, ती त्याच एवढ्याशा मातीत वाढतात. नोव्हेंबरात पठार वाळलेलं दिसतं, लोकांना वाटतं इथं काय हाय, मोकळं मैदान, मार डोनट (गाडी गोल गोल फिरवणं). पण बी, कंद सगळं खालीच असतंय. एकदा चाकाची चाकोरी पडली की पुढच्या पावसात पाणी तिथनंच वाहतं आणि उरलीसुरली माती घेऊन जातं. ह्याला ऑफ-रोडिंग म्हणत नाहीत. मळलेली कच्ची वाट, जिथनं गावची गाडी-बैल पिढ्यानपिढ्या जातात ती वेगळी, आणि गवतात गाडी घालणं वेगळं.

पठार बघायचंच असेल तर गाडी खाली लावा आणि पन्हाळ्याकडनं चालत जा, पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेची वाट तिथनंच जाते, बाजूला पांडवदऱ्याची लेणी आहेत. दोघांना बोलत चालायला ह्यापेक्षा चांगली जागा जवळपास नाही.

पाचवा_गिअर

डोनटवाल्यांना एकदा पठारावरनं चालत खाली आणलं पाहिजे, सहमत.

फोर_लो

जिम्नी आहे म्हणून थोडं टेक्निकल. ही गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे, मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा) नाही, म्हणजे कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकांना ताकद) लावून फिरायचं नाही, वळताना पुढचं-मागचं एकमेकाला ओढतं आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (ताकद पुढं-मागं वाटणारा गिअरबॉक्स) येतो. घाट असला तरी डांबर आहे तोवर २एच (फक्त मागच्या चाकांना ताकद). भटवाडीला डांबर संपलं की ४एच, आणि मोठे दगड किंवा खडी चढण दिसली की गाडी थांबवून, न्यूट्रल करून ४एल (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त). ४एल मध्ये घाई करायची नसते, पहिल्या गिअरला गाडी आपोआप चढते, अ‍ॅक्सिलरेटर मारला की चाक फिरतं आणि खड्डा पडतो. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे, चांगला आहे, पण डिफ (एक्सलच्या मधला लोंबणारा गोळा) चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला लागू शकतो, म्हणून चाक चाकोरीत न ठेवता एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला असं चालवा. शेजारच्यानं उतरून पुढं चालत हातानं दाखवायचं. नवरा-बायकोत ह्याचे इशारे आधी ठरवून घ्या नाहीतर ‘डावीकडं म्हणजे माझ्या का तुझ्या’ ह्यावर रात्रीचं जेवण बोंबलतं.

कच्च्याला हवा कमी करा, २२-२४ पीएसआय पुरते, आणि डांबराला लागायच्या आधी परत भरा. म्हणजे छोटा कॉम्प्रेसर बरोबर पाहिजेच. ओढ्यात गाडी घालायच्या आधी काठी घेऊन चालत पलीकडं जाऊन या, गुडघ्याच्या वर पाणी असेल तर विषय बंद. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या इन्शुरन्समध्ये ते बहुतेक वेळा धरत नाहीत, त्याचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पॉलिसी काढून एकदा वाचा.

एकटी गाडी? भटवाडीपर्यंत काही नाही. पुढं मात्र दुसरी गाडी पाहिजे किंवा गावातला माहीतगार बरोबर घ्या, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या, अडकलात तर जीप-ट्रॅक्टर कुणाचा आणायचा ते त्यालाच माहीत असतंय.

बीच विसरा. पोलीस कारवाई करतात, कासवांच्या घरट्यांचे किनारे आहेत, आणि ओल्या वाळूत गाडी रुतली की भरती कुणासाठी थांबत नाही. त्यातनं निघाली तरी खारं पाणी चेसिसला लागलेलं असतं ते वेगळंच.

रंकाळ्याची_सून

एवढं सविस्तर! नवऱ्याला वाचून दाखवलं, बीचचं ऐकून चेहरा पडला पण रांगण्याला मान हलवली. आता पहिला दिवस पाटगाव, दुसरा रांगणा, असं धरलं तर तिसऱ्या दिवशी तसंच घरी यायचं का आंबोली होईल? आणि त्या मळमळीचं काय करू?

आजऱ्याची_लेक

आंबोली होते की, फक्त पहिला दिवस वाया घालवू नका. पहिल्या दिवशी पहाटे निघून पाटगाव आणि लगेच भटवाडी-रांगणा, रात्री गारगोटी. दुसऱ्या दिवशी उशिरा उठा (पोर बरोबर नाही, उठूच नका), आजऱ्याकडं या, इथं रामतीर्थाचा धबधबा बघा, घनसाळचा तांदूळ घ्या, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे आणि नुसत्या वासानंच भूक लागते. मग संकेश्वर-बांदा हायवेनं आंबोली. कावळेसादला संध्याकाळी जा, पावसाळ्यातली गर्दी आणि दंगा नसतो, दरी स्वच्छ दिसते. हिरण्यकेशीच्या मंदिराजवळ जे पाणी आहे तिथं शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा छोटा मासा सापडला, म्हणून २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, तर तिथं पाय धुणं, साबण वगैरे करू नका. मुक्काम आंबोलीत, एमटीडीसी पण आहे आणि हॉटेलं पण, बाथरूमचा तुमचा प्रश्न तिथं सुटतो.

तिसऱ्या दिवशी आंबोली घाट उतरून सावंतवाडी, चितारआळीतनं पोराला लाकडी खेळणी (न्यावीच लागतील), मग कणकवली, आणि फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरीवरनं कोल्हापूर. तो घाट आंबोलीपेक्षा शांत आहे, वरती दोन्हीकडं दाट जंगल, राधानगरी अभयारण्य २०१२ ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलंय. गवा रस्त्यावर आला तर हॉर्न नाही, फोटोसाठी दार उघडायचं नाही, गाडी लांब थांबवून त्याला जाऊ द्यायचं. मोठा नर तुमच्या जिम्नीएवढा जड भरतो जवळपास.

मळमळीवर माझा सल्ला असा की घाट चढताना तुम्ही चालवा आणि उतरताना त्यांना द्या. चढाला वेग कमी असतो, झोके कमी बसतात. त्यांनी मोबाइल बंद करून लांबचं बघायचं, खिडकी उघडी, पोटात तेलकट काही नाही. निघताना कटवडा हाणून घाटाला लागलं तर कुठलीच गोळी चालत नाही.

आणि हे मात्र कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, कच्च्या वाटेपेक्षा मला भीती वाटते ती ऊसाच्या ट्रॉल्यांची. दिवाळीनंतर कारखाने सुरू झालेले असतात, बिद्रीकडं रात्री एकामागं एक दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि वरनं ऊस बाहेर आलेला. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, एवढं एक पाळा.

भुदरगडचा_गडी

आजऱ्याच्या ताईंचा प्लॅन माझ्यापेक्षा चांगला आहे. फक्त एका दिवसात रांगणा करायचा तर कोल्हापुरातनं पाचला निघा आणि शनिवार-रविवार टाळा, ट्रेकवाल्यांच्या गाड्या समोरनं आल्या तर त्या वाटेवर साइड द्यायला जागा नसते, अर्धा तास मागं घेत बसावं लागतं.

रंकाळ्याची_सून

ठरलं मग, मंगळवार ते गुरुवार. चढ माझा, उतार त्याचा, लेखी घेतलंय. आता कॉम्प्रेसर कुठला घेऊ, तो लायटरच्या सॉकेटला लागणारा चालेल का?

फोर_लो

छोट्या टायरला चालतोय, पण इंजिन चालू ठेवून भरा नाहीतर बॅटरी बसेल, आणि वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का ते दुकानातच बघून घ्या. चार टायर सलग भरू नका, दोन झाले की गार होऊ द्या.