मेडल ऑफ ऑनर मिळालेल्यांची माहिती पारखायची कशी?

माळरान:
टेक्सासमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकात मेमोरियल डेनिमित्त दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वीरांवर चार पानं द्यायची आहेत. ऑडी मर्फी टेक्सासचाच, त्यामुळे तो ठरलेला. ब्रह्मदेश आघाडीवरचं कुणी मिळालं तर आणखी बरं, कारण तिकडे जाणाऱ्या बऱ्याच पलटणी मुंबईत उतरल्या होत्या. पण फिरत्या याद्यांमध्ये पर्पल हार्ट, ब्राँझ स्टार सगळं 'शौर्यपदक' म्हणून एकाच रांगेत येतं. एका यादीत तर 'मेरिल्स मरॉडर्स' या ब्रह्मदेशात लढलेल्या अमेरिकन तुकडीच्या नावावर चक्क मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक आहे. खरं-खोटं कशावरून ठरवायचं?

दप्तरखाना:
ती यादी आधी बाजूला ठेवा. मरॉडर्स ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईत उतरले आणि देवळालीच्या छावणीत राहिले, इथवर बरोबर. पण त्यांच्यातल्या एकालाही मेडल ऑफ ऑनर नाही. पूर्ण तुकडीला युनिट सायटेशन (तुकडीचा अधिकृत गौरव) मिळालं आणि २०२० मध्ये काँग्रेशनल गोल्ड मेडल मंजूर झालं. हे गोल्ड मेडल वेगळं, तो नागरी सन्मान आहे. मेडल ऑफ ऑनरलाही लोक 'काँग्रेशनल' लावतात, त्यामुळे घोळ होतो.

पदकांची उतरंड अशी: सर्वांत वर मेडल ऑफ ऑनर. त्याखाली लष्कराचा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस किंवा नौदलाचा नेव्ही क्रॉस, मग सिल्व्हर स्टार. पर्पल हार्ट शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला किंवा मारल्या गेलेल्याला मिळतं. ते शौर्यपदक नव्हे, आणि तसं म्हटल्याने कुणाचा अपमानही होत नाही. ब्राँझ स्टारची गंमत अशी की तो चांगल्या कामगिरीसाठीही देतात. फितीवर 'व्ही' अक्षर असेल तरच शौर्यासाठी समजायचा. शिवाय १९४७ च्या धोरणानुसार महायुद्धात कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज (प्रत्यक्ष लढाईत भाग घेतल्याचा बिल्ला) मिळालेल्या पायदळाच्या सैनिकांना तो नंतर सरसकट देता आला. म्हणून नुसता 'ब्राँझ स्टार' वाचून शौर्यकथा लिहायला घेऊ नका.

खंदक:
ब्रह्मदेशासाठी तुम्हाला हवा तो माणूस म्हणजे फर्स्ट लेफ्टनंट जॅक नाइट, १२४ वी कॅव्हलरी, मार्स टास्क फोर्स. हाही टेक्सासचाच. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर जमिनीवरच्या लढाईसाठी मेडल ऑफ ऑनर मिळालेला हा एकटाच. २ फेब्रुवारी १९४५, लोई-कांग. कॅव्हलरी असली तरी घोडे मागे राहिले होते, लढाई पायीच झाली. टेकडी ताब्यात आल्यावर बचावाची तयारी चालू असताना उजव्या अंगाला जपानी बंकर आणि खड्डे दिसले. नाइट आपल्या माणसांच्या किमान दहा फूट पुढे राहून चालून गेला. दोन बंकर त्याने एकट्याने निकामी केले. तिसऱ्यावर जाताना हातबॉम्ब लागून डोळे गेले, तरी माणसांना हाका देत तो पुढे सरकत राहिला आणि तिथेच पडला.

हा तपशील सायटेशनमधला, म्हणजे पदकासोबतच्या अधिकृत मानपत्रातला आहे. सायटेशन मुळातून वाचा आणि त्याखाली जनरल ऑर्डरचा (पदक जाहीर करणाऱ्या लष्करी आदेशाचा) क्रमांक व तारीख आहे का ते बघा. नसेल तर तो मजकूर कुणीतरी सजवलेला आहे असं धरून चाला. आकडेही सायटेशनमधलेच घ्या. डेस्मंड डॉस या वैद्यकीय सैनिकाने ओकिनावात वाचवलेल्यांचा '७५' हा आकडासुद्धा तडजोडीचा आहे. तो स्वतः ५० म्हणायचा, बाकीचे १०० म्हणायचे.

माळरान:
नाइट नक्की घेतो. त्याची सेवेची मूळ फाइल मागवता येईल का? आणि मर्फीचं जन्मवर्ष कुठे १९२४, कुठे १९२५ आहे.

दप्तरखाना:
सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला १२ जुलै १९७३ ला आग लागली. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या फाइलींपैकी सुमारे ८० टक्के जळाल्या. त्यामुळे 'फाइल नाही' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ 'माणूस नव्हता' असा होत नाही. रणांगणात मेलेल्यांची मात्र वेगळी फाइल असे, इंडिव्हिज्युअल डिसीज्ड पर्सोनेल फाइल. ती दुसरीकडे ठेवलेली असल्याने आगीतून वाचली. नाइटसाठी तीच मागा. दफन आणि नातेवाइकांशी झालेला पत्रव्यवहार तिच्यात सापडतो. अर्जात सर्व्हिस नंबर टाका, नाहीतर त्याच नावाचे दहाजण निघतात. सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाइल कुणालाही मागता येते, वारस असण्याची अट राहत नाही.

मर्फीच्या वर्षाचं कारण सरळ आहे. भरतीसाठी वय वाढवून सांगितलं होतं. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतल्या त्याच्या शिळेवरही १९२४ च कोरलंय. शिळेवरून अजून एक चूक होते. मेडल ऑफ ऑनरवाल्यांच्या शिळेवर अक्षरं सोनेरी असतात, पण मर्फीची शिळा त्याच्या इच्छेनुसार साधी आहे. फोटो बघून 'पदक नव्हतंच' म्हणणारे भेटतात.

खंदक:
एक मुद्दा राहिला. मेमोरियल डे सेवेत असताना मृत्यू आलेल्यांसाठी असतो. मर्फी १९७१ मध्ये विमान अपघातात गेला, तेव्हा तो सैन्यात नव्हता. माझ्या मते त्याला ११ नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेसाठी ठेवा आणि मे महिन्याच्या अंकात नाइटला पूर्ण जागा द्या. दोघांना एकाच अंकात कोंबायचंच असेल तर मथळ्यात 'हुतात्मे' लिहू नका.

आणि एकूण आकडा देणार असाल तर जपून. १९१७ मध्ये ९११ नावं मेडल ऑफ ऑनरच्या यादीतून वगळली गेली, त्यात ८६४ यादवी युद्धातल्या एकट्या २७ व्या मेन रेजिमेंटची. वगळलेल्यांपैकी मेरी वॉकर या यादवी युद्धातल्या डॉक्टरचं नाव १९७७ मध्ये परत आलं. याउलट महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांना हे पदक मिळायला १९९७ उजाडलं. सातजणांपैकी तेव्हा हयात होता तो फक्त व्हर्नन बेकर. जुन्या पुस्तकातून यादी उतरवली तर ही सात नावं सुटतील, आणि २००० साली पदक मिळालेले डॅनियल इनोउये वगैरे आशियाई वंशाचे २२ जणही.