‘व्हिसामुक्त’ केनिया आणि परतीच्या दारातली लसीची अट

पायवाट :
केनियाने जानेवारी 2024 पासून परदेशी प्रवाशांसाठी व्हिसा रद्द केला, तेव्हापासून मसाईमारा या तिथल्या अभयारण्याच्या सहलींच्या जाहिरातींत ‘व्हिसामुक्त’ हा शब्द सर्वांत ठळक असतो. प्रत्यक्षात व्हिसाच्या जागी ‘ईटीए’ नावाची पूर्वपरवानगी आली असून तिच्यासाठी निघण्यापूर्वी ऑनलाइन अर्ज आणि शुल्क भरावे लागते. हे निदान प्रवाशांना कळते, कारण त्याशिवाय विमानात बसू देत नाहीत. माझा आक्षेप त्यापुढच्या गोष्टीविषयी आहे. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लसीची अट केनिया भारतातून थेट येणाऱ्याला घालत नाही. ती आपलाच देश आपल्याला परत येताना घालतो, आणि नेमकी हीच ओळ जाहिरातीत नसते.

गेल्या वर्षी माझे दीर, जाऊबाई आणि पुतणी तिथल्या प्राण्यांच्या स्थलांतराचा हंगाम पाहायला गेले. सहल कंपनीच्या माणसाने ‘लस घेतली की झाले’ एवढेच सांगितले होते. लस घेऊन तिसऱ्या दिवशी ते निघाले आणि लस घेतल्यापासून आठव्या दिवशी परतले. उतरल्यावर आरोग्य अधिकाऱ्यांनी लसीच्या प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका उघडली, ‘या तारखेपासून ग्राह्य’ या रकान्यावर पेन टेकवले आणि दिवस मोजले. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते; दोन दिवस कमी पडत होते. ते दोन्ही दिवस तिघांना विलगीकरणात काढावे लागले आणि गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी ती मंडळी घरी पोहोचली. अधिकाऱ्यांनी नियमच पाळला, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण ज्याने सहल विकली, त्याला हा हिशेब ठाऊक असायलाच हवा होता. म्हणून माझे ठाम मत असे की, पीतज्वराच्या यादीतील देशाची सहल विकताना लसीची तारीख पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम घेण्यास कायद्याने बंदी असावी.

मुक्तछंद :
आपल्या दिरांना झालेला मनस्ताप समजू शकतो, परंतु निष्कर्ष पटत नाही. पासपोर्ट ज्याचा, जबाबदारी त्याची. उद्या एखाद्याने सहल कंपनीकडे न जाता स्वतःच तिकीट काढले, तर ही बंदी कोणावर घालणार? आज कितीतरी मराठी कुटुंबे अशीच स्वतः आखणी करून फिरतात.

शिवाय मूळ नियमच फार ढोबळ आहे. जागतिक आरोग्य संघटना संपूर्ण केनियाला एकाच मापाने मोजत नाही. केवळ नैरोबी शहरात किंवा मोंबासाच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या प्रवाशाला तिने ही लस सरसकट सुचवलेली नाही. मी कामानिमित्त तीन दिवस नैरोबीत होतो, हॉटेल आणि कार्यालय यांपलीकडे कुठेही गेलो नाही, तरी लस घ्यावीच लागली. आधी नियम नेमका करा, मग बंदीची भाषा बोला.

शिरीषफूल :
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून नियमाच्या बाजूने थोडे सविस्तर लिहिते. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या कुंड्यांत, कूलरमध्ये आणि गच्चीवरच्या टायरमध्ये आहे. डेंगी पसरवणारा तोच हा डास. म्हणजे वाहक तयार आहे, लोकसंख्येला प्रतिकारशक्ती नाही, फक्त विषाणू यायचा बाकी आहे. ही निव्वळ कल्पना नाही. 2016 साली अंगोलात साथ असताना तिथून चीनमध्ये परतलेल्या 11 जणांना हा आजार झाल्याचे निदान झाले, आणि आशियात आलेले ते पहिलेच सिद्ध रुग्ण होते. केनियातही मार्च 2022 मध्ये इसिओलो भागात साथ जाहीर झाली होती.

मुक्तछंद, तुमचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे, पण अंमलबजावणीत ते टिकणार नाही. पहाटे तीन वाजता रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाने ‘मी नैरोबीबाहेर पडलो नाही’ असे सांगितले, तर अधिकाऱ्याने ते कशावरून तपासायचे? विलगीकरणाची मुदत जास्तीत जास्त सहा दिवसांची आहे, कारण डास चावल्यापासून लक्षणे साधारण तेवढ्या काळात दिसतात. त्यामुळेच जोखमीचा देश सोडून सहा दिवस उलटल्यावर जो भारतात येतो, त्याला अडवत नाहीत. नियम ढोबळ वाटला, तरी त्यामागचा हिशेब पक्का आहे.

मात्र पायवाटताई, तुमच्या बंदीला माझाही विरोध आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीपुढच्या व्यक्तीला ती पहिल्यांदाच देताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता, विरळ असली तरी, तरुणांपेक्षा जास्त असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना आणि थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांना ती सहसा देत नाहीत. पैसे भरण्यासाठी लसीची तारीख दाखवायची असली, तर घरातले आजी-आजोबा आपला आजार लपवून सुई टोचून घेतील, ही मला खरी भीती वाटते. सहल ठरवण्याच्याही आधी डॉक्टरांशी बोलणे झाले पाहिजे.

सागरवेळ :
लसीच्या केंद्रांची अडचण कोणी मांडली नाही. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्याच केंद्रांचा शिक्का चालतो. एक कुपी अनेकांसाठी असते आणि ती विरघळवल्यावर सहा तासांत संपवावी लागते, त्यामुळे ठरलेल्या वारीच नावे घेतात. आम्ही कोकणातून दोन खेपा घातल्या, त्यांतली एक फुकट गेली. महिनाभर आधी तयारीला लागा, एवढेच सांगणे आहे. एकदा घेतली की आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतील 2016 च्या सुधारणेनंतर ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, म्हणून पुस्तिका पासपोर्टलाच जोडून ठेवा.

आणि लसीच्या गडबडीत मलेरियाच्या गोळ्या राहून जातात. ‘मलेरिया काय, आपल्याकडेही असतो’ असे म्हणून त्या टाळू नयेत. मसाईमारात मलेरिया आहे, आणि त्याच्यावर लसीच्या त्या शिक्क्याचा काही उपयोग नाही.

मुक्तछंद :
शिरीषफूल, रांगेतल्या अधिकाऱ्याचा मुद्दा मान्य करतो. नैरोबीपुरती सूट व्यवहारात राबवता येणार नाही. परंतु मग सरकारने एवढे तरी करावे की, यादीतील देशाचे तिकीट काढताना विमान कंपनीच्या पानावर दहा दिवसांचा नियम मराठीत आणि हिंदीत दिसेल. माझा विरोध माहितीला नाही, पैसे अडवण्याला आहे.

पायवाट :
शिरीषफूलताई, आजार लपवण्याची शक्यता माझ्या ध्यानात आली नव्हती. माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत आणि पुढच्या वर्षी त्यांना घेऊन जायचा विचार चालला होता. आता प्रथम त्यांच्या डॉक्टरांना विचारीन. वैद्यकीय कारणाने सूट मिळणार असेल, तर ती पुस्तिकेत रीतसर लिहून घ्यावी लागेल, आणि तरीही उतरल्यावर अंतिम निर्णय आरोग्य अधिकाऱ्यांचाच असेल, हे धरूनच ठरवावे लागेल.

मुक्तछंद, तिकिटाच्या पानावरची सूचना मलाही हवी आहे, पण ती पुरेशी वाटत नाही. माझ्या दिरांनी तिकीट पाहिलेच नव्हते. ते कंपनीने काढले आणि निघण्याच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवले. जो मध्यस्थ प्रवाशाच्या वतीने सगळी कागदपत्रे हाताळतो आणि त्याचे पैसे घेतो, त्याच्यावर तारीख तपासण्याचे बंधन हवेच. लसीच्या तारखेऐवजी ‘प्रवाशाने वैद्यकीय सल्ला घेतला आहे आणि परतीच्या दिवशी प्रमाणपत्र ग्राह्य असेल किंवा सूट मिळालेली असेल’ अशी सही-शिक्क्याची नोंद मागितली, तर ताईंची भीतीही उरणार नाही. एवढी दुरुस्ती मी माझ्या मागणीत करते. मागणी सोडत नाही.