लेकीला गेममध्येच संगीत रचायचंय: मायनक्राफ्ट पुरेल की दुसरा गेम घ्यावा?

तगर
मंडळी, सल्ला हवाय. लेक सातवीत आहे, पेटी शिकते. सुट्टीत तिने मायनक्राफ्टमध्ये किल्ला बांधलाय, बुरूज, चोरवाट, बालेकिल्ला, सगळं साग्रसंगीत. आता बाईसाहेबांचं म्हणणं, महादरवाजातून आत पाऊल टाकलं की तिने बसवलेली सुरावट वाजली पाहिजे. बाहेरून गाणं आणून चिकटवायचं नाही, गेमच्या आतच रचायचं. घरात एक जुना लॅपटॉप आहे आणि भावाने दिलेला प्लेस्टेशन ४. मायनक्राफ्टमध्ये हे नीट जमतं का, की वेगळा गेम घ्यावा? मला यातलं ओ का ठो कळत नाही. सिक्वेन्सर हा शब्दही तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला, तेव्हा जरा उलगडून सांगा.

चौकोनी
ताई, सिक्वेन्सर म्हणजे चौकटींचा कागद. आडवा काळ, उभा सूर. हव्या त्या चौकटीत खूण करायची. एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकते आणि खुणेवर आली की तो सूर वाजतो. एवढंच.

लेव्हल बांधायच्या गेम्समध्ये याची खरी मजा दाखवली लिटलबिगप्लॅनेट २ ने, २०११ साली, प्लेस्टेशन ३ वर. तिथे सिक्वेन्सर ही लेव्हलमध्ये ठेवायची एक वस्तूच आहे. ती उघडायची, आत वाद्यांच्या पट्ट्या मांडायच्या, प्रत्येक पट्टीत सूर भरायचे, लय ठरवायची. मग बाहेर येऊन त्या वस्तूला तार जोडायची. तारेचं दुसरं टोक सेन्सरला. खेळाडू जवळ आला की संगीत सुरू, लांब गेला की बंद. तुमच्या लेकीला नेमकं हेच हवंय.

२०१४ चा तिसरा भाग प्लेस्टेशन ४ वर चालतो, त्यातही सिक्वेन्सर आहे. लोकांच्या लेव्हल्स जिथून यायच्या ते सर्व्हर २०२४ मध्ये कायमचे बंद झाले, पण घरच्या घरी बांधायला काही आडकाठी नाही. जुनी डिस्क मिळाली तर डोळे झाकून घ्या.

रातकिडा
मी ड्रीम्स सुचवेन. लिटलबिगप्लॅनेट ज्यांनी सुरू केला त्याच मीडिया मॉलिक्यूलचा, २०२० मध्ये आला, प्लेस्टेशन ४ वरच. संगीताची बाजू कितीतरी पुढची. माइकवरून आवाज रेकॉर्ड करून त्याचं वाद्य बनवता येतं, म्हणजे घरची पेटीच आत नेता येईल. २०२३ मध्ये नवीन भर घालणं थांबवलं त्यांनी, पण आहे तेच आयुष्यभर पुरेल. एक मात्र आहे, अंगावर येतो. पहिले काही दिवस मेन्यूत हरवण्यातच जातात. आणि इतरांनी बनवलेलं सगळं समोर येतं, तेव्हा वयाची सेटिंग्ज तुम्ही स्वतः बघून घ्या.

सरळसोट
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? लॅपटॉपवर एलएमएमएस टाका, फुकट आहे. खरंखुरं संगीताचं सॉफ्टवेअर शिकेल तरी.

चौकोनी
@सरळसोट, धाग्याचा पहिला परिच्छेद वाचलात का? तिला गाणं बनवून फाइल नकोय, दरवाजा उघडल्यावर वाजणारी गोष्ट हवी आहे. एलएमएमएसमध्ये दरवाजा नाही.

पेटीमास्तर
तगरताई, माझ्या मते काहीही विकत घेऊ नका. किल्ला मायनक्राफ्टमध्ये उभा आहे, संगीतही तिथेच होऊ द्या. नोट ब्लॉक (सूर वाजवणारा ठोकळा), रिपीटर (सिग्नल जरा थांबवून पुढे देणारा) आणि दगडी प्रेशर प्लेट (पाय पडला की सिग्नल सोडणारी फरशी), एवढ्यावर भागतं. आणि पेटी शिकणाऱ्या मुलीला हा प्रकार कुणाहीपेक्षा लवकर कळेल, कसा ते सांगतो.

नोट ब्लॉकवर दर क्लिकला सूर अर्ध्या सुराने चढतो. शून्य ते चोवीस, म्हणजे बरोबर दोन सप्तकं. शून्यावरचा सूर म्हणजे पेटीवरची आपली काळी तीन. तिथे सा धरला तर भूप राग फक्त काळ्या पट्ट्यांवर वाजतो हे ती जाणत असेलच. क्लिक्स अशा: सा ०, रे २, ग ४, प ७, ध ९, तार सा १२.

पण मी सांगेन, सा पांढरी एकला धरा, म्हणजे ६ क्लिक. मग रे ८, ग १०, प १३, ध १५, तार सा १८. वर तार ग २२ पर्यंत जाता येतं आणि मुख्य म्हणजे खाली मंद्र ध ३ वर आणि मंद्र प १ वर मिळतो. काळी तीनला सा धरलात तर खालचा दरवाजाच बंद, आणि मंद्र धैवताला न जाता भूप गाणं म्हणजे अर्धं जेवण.

क्लिक जपून करायची. एक जास्त झाली की मागे येता येत नाही, चोवीसच्या पुढे जाऊन शून्यावरून पुन्हा मोजत यावं लागतं. नुसता सूर ऐकायचा असेल तर डावी क्लिक, तिने सूर बदलत नाही.

तगर
मास्तर, हे वाचून दाखवल्यावर ती आधी पेटीकडे पळाली. नंतर दोन प्रश्न घेऊन आली. १. लय कशी ठरवायची? २. सूर लांबत नाही, टण्ण वाजून विझतो. पेटीसारखा धरून ठेवायचा तर काय करायचं?

पेटीमास्तर
लय रिपीटरवर. एक रिपीटर सिग्नलला एक ते चार टिक थांबवतो, एक टिक म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. रिपीटर, नोट ब्लॉक, रिपीटर, नोट ब्लॉक अशी सरळ रांग लावली तरी चालते, ब्लॉकमधून सिग्नल पुढच्या रिपीटरला मिळतो. केरवा ताल घ्यायचा तर आठ मात्रांना आठ रिपीटर. सगळे चारवर ठेवले तर आवर्तन ३.२ सेकंदांचं, मिनिटाला दीडशे मात्रा. तीनवर ठेवले तर दोनशे. मधलं काही मिळत नाही, आणि हीच या खेळाची गोम आहे. खऱ्या सिक्वेन्सरमध्ये लय कितीही ठेवा, इथे टिक जे देईल ते. त्यामुळे आधी लय पक्की करायची, मग तिच्यात बसणारी सुरावट रचायची. उलटं केलं की रडारड.

चारवरच राहा. चाराचे दोन-दोन होतात, म्हणजे अर्धी मात्रा सरळ मिळते. तिनाचे निम्मे होत नाहीत.

ठेका असा: वाद्य ठरतं ब्लॉकखाली काय आहे त्यावर. खाली दगड असेल तर घुमारा, तो डग्ग्याच्या जागी. खाली काच असेल तर टिक् असा किनारीचा आवाज, तो तबल्याच्या ‘ना’ या बोलासाठी. वाळू ठेवली तर ताशाच्या जवळ जाणारा, पण वाळूखाली आणखी एक ब्लॉक ठेवा, नाहीतर ती घसरून पडते. नोट ब्लॉकच्या वरची जागा मात्र मोकळी हवी, झाकलात तर मुका.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असं की सूर धरता येत नाही. तेव्हा पेटीची चीज रचायचीच नाही, जलतरंगाची रचायची. खाली चिकणमाती ठेवून बासरीचा आवाज निघतो, तो जरा गोल आहे, पण एक सप्तक वर जातो. लोकर ठेवली तर गिटार, एक सप्तक खाली. लोकरीवर सा आणि प आलटून पालटून छेडत ठेवले तर तंबोऱ्याचा भास होतो. भासच, फार अपेक्षा नको.

रातकिडा
पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं? भूप म्हणताय आणि मींड नाही? ड्रीम्समध्ये निदान गळ्याने गाऊन आत घेता येईल.

पेटीमास्तर
मुलगी पेटी शिकतेय हो. पेटीवर तरी कुठे मींड आहे? शंभर वर्षांचं ते भांडण इथे नको.

सरळसोट
वाचला आता पहिला परिच्छेद. मग ओपन नोट ब्लॉक स्टुडिओ बघा, फुकट आहे. लॅपटॉपवर चौकटींत सूर मांडायचे, ऐकायचे, आणि पसंत पडलं की गेमसाठी बाहेर काढायचं. मिडी फाइलही (सुरांची नोंद असलेली फाइल) उघडतो.

पेटीमास्तर
हे उत्तम सुचवलंत. ताई, पण आधी पहिल्या दोन ओळी तिला हाताने लावू द्या. नंतर हा स्टुडिओ दिला की त्यातली प्रत्येक चौकट तिला ओळखीची वाटेल.

चौकोनी
एक व्यावहारिक गोष्ट राहिली. नोट ब्लॉकचा आवाज ४८ ब्लॉकपर्यंत ऐकू येतो. सरळ रांग लांबच लांब नेली तर ऐकणारा दरवाजात आणि सूर तटबंदीपलीकडे, विरत जाणार. रांग नागमोडी दुमडा, दरवाजाखालच्या तळघरात बसवा. जुना लॅपटॉप अडखळला तर ठेकाही अडखळेल, म्हणून गेममधलं दिसण्याचं अंतर कमी करून ठेवा.

तगर
काही विकत घ्यायचं नाही हे ऐकून मला बरं वाटलं, तिला फारसं नाही. तळघराचं काम सुरू झालंय. चुलतभावाला आत सोडून पाहिलं तर तो दरवाजात नाचत बसला आणि सुरावट स्वतःवरच चढली, सगळा गोंधळ. हे थांबवता येतं का?

पेटीमास्तर
प्लेटवर पाय पडला की दर वेळी नवा सिग्नल निघतो, आधीचा संपलेला नसला तरी. प्लेट अशा जागी ठेवा जिथून माणूस परत फिरू शकत नाही. प्लेटच्या पुढे दोन ब्लॉकांची उडी खाली ठेवलीत की झालं, किल्ल्यात अशी पायरी शोभतेही. दगडी प्लेटच ठेवा, लाकडी प्लेटवर कुणी वस्तू टाकली तरी ती दबते. दगडीवर मात्र गाय आली तरी भूप सुरू होईल, तेव्हा गुरं बाहेर बांधा.

आणि त्या चुलतभावाला सांगा, बरोबर आठ मात्रांनी दुसरी उडी मार. दोन्ही आवर्तनं एकावर एक बसतील. रचना पाच सुरांचीच असल्यामुळे फारसं कानाला खटकणार नाही.