'करेक्शन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ: माझी भाची कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला क्रिमिनल जस्टिस शिकतेय, त्यात तिचा मुख्य विषय करेक्शन्स, म्हणजे तुरुंग, प्रोबेशन, पॅरोल ही सगळी व्यवस्था. दोन वर्षांची असोसिएट डिग्री झाली की स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेणार, पुढे प्रोबेशन ऑफिसर व्हायचंय, म्हणजे ज्यांना तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवतात त्यांच्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी. आईला सांगितलं 'तुरुंगाचा अभ्यास' तर ती धास्तावलीच, पोरगी जेलर होणार का म्हणून. 'सुधारणा' म्हटलं की आगरकर आठवतात. नेमका शब्द सांगा ना.

झुंबर: संशोधन. बंगालात जेलला संशोधनागारच म्हणतात.

मुठाई: बंगालात असेल हो, मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च! हिंदीवाले घटनेतही संशोधन करतात, आपण घटनादुरुस्ती करतो. आजीला वाटेल नात पीएचडीला बसली.

दप्तरी: शब्द तयार आहे, महाराष्ट्रात खात्याचं नावच 'कारागृह व सुधारसेवा विभाग' आहे. सुधारसेवा म्हणा. प्रोबेशनला परिवीक्षा, पॅरोलला अभिवचन रजा, फर्लोला, म्हणजे कैद्याच्या साठलेल्या रजेला, संचित रजा, सगळं आहे, वापरायची इच्छा पाहिजे.

काळाकोट: कोर्टात वीस वर्षं काढली, अभिवचन रजा फक्त अर्जावर वाचली. कैद्याची बायको 'पॅरोलवर कधी सोडतील' असंच विचारते, आणि तिला कळतो तोच शब्द खरा. शिवाय अमेरिकेतला पॅरोल ही रजा नव्हेच! तिथे शिक्षेचा काही भाग भोगून माणूस बाहेर येतो, उरलेला काळ देखरेखीखाली घरी काढतो, अटी मोडल्या तरच परत आत. आपल्याकडे रजा संपली की जेलच्या गेटवर हजर व्हावं लागतं. भाचीच्या पुस्तकात रजा लिहिलंत तर सगळा अर्थच बदलेल.

दप्तरी: मग रजा काढा, अभिवचन ठेवा. पॅरोल म्हणजे फ्रेंचमध्ये दिलेला शब्दच, इतकं चपखल भाषांतर क्वचित सापडतं.

कृष्णाकाठ: अजून एक, भाची म्हणते तिकडे जेल आणि प्रिझन वेगळं. जेल काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, तिथल्या शेरिफ नावाच्या पोलीस प्रमुखाच्या ताब्यात, तिथे खटला चालू असलेले आणि छोट्या शिक्षेचे लोक. प्रिझन राज्याचं नाहीतर केंद्राचं. ह्याला काय?

काळाकोट: इमारतींचं माहीत नाही, माणसांसाठी आहेत की, कच्चे कैदी आणि पक्के कैदी. कागदावर न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी.

मुठाई: कच्चे-पक्के फार आवडलं! 'तुरुंग' पण सुंदर शब्द आहे, उगाच कारागृह कशाला.

झुंबर: तुरुंग पोर्तुगीज आहे, त्रोंकु, म्हणजे झाडाचं खोड, त्यावरून पाय अडकवायचं लाकूड. शुद्ध मराठी हवं तर बंदिशाळा.

दप्तरी: बंदी तरी शुद्ध कशावरून, बंद फारसीतही आहे.

मुठाई: थांबा थांबा, आपला 'खोडा' पण खोडावरूनच ना? म्हणजे दोन्ही भाषांत शिक्षेचं लाकूड तेच?

झुंबर: खोडा वेगळा असेल, त्याचा खोडाशी संबंध नसेलही.

मुठाई: कशावरून नाही? आमच्या वाड्यात सागाच्या ओंडक्याचा होता, दोन भोकं पाडलेली, आजोबा त्याला खोडच म्हणायचे.